भिंतीपलीकडचा खडखडाट

टेकला हुदाक भट्टीपुढं बसली की तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही. वर फोन वाजो, दारात पाद्री येवो, ही आपली राखेच्या दाराशी कान लावून. जाळी हलवायची, लाल निखारा खाली टपकायला लागला की हात आवरायचा, वरून कोळसा टाकायचा आणि त्या नव्या कोळशावर निळी ज्योत नाचायला लागली की मगच दार लावायचं. एवढं झाल्याबिगर ती तळघराचा जिना चढत नसे. एकोणपन्नास हिवाळे तिनं हेच केलं होतं, दिवसातनं दोनदा, सकाळी पाचला आणि दुपारी चारला.

हॅरोज पॅच म्हणजे खाणीच्या कंपनीनं बांधलेली दोन ओळींची वस्ती. एका छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत आणि त्या भिंतीत दोघांत मिळून एक धुराडं. कंपनी गेली, खाण बुजली, घरं तेवढी राहिली आणि घरांत म्हातारी माणसं. पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात कोळसा अजून निघत होता. शरद लागला की ट्रक यायचा आणि तळघराच्या खिडकीतनं घळाघळा ओतून जायचा. तेलावर घर गरम करणं हे शहरातल्या माणसांचं काम. पॅचात कुणी तेलाची भट्टी बसवली तर त्या घरात एक तर कुणी अंथरुणाला खिळलंय, नाही तर सगळीच आळशी आहेत, असं लोक खुशाल धरून चालत.

टेकला लग्न होऊन इथं आली तेव्हा बावीस वर्षांची होती. शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. तिचा नवरा पेत्रो खाणीत उतरायचा, पण घरी कोळशाला बोट लावायचा नाही. "दिसभर त्येचंच थोबाड बघतुया मी. घरात आल्यावर बी त्येच्याच पाया पडू व्हय?" असं म्हणून जो खुर्चीत पडायचा तो जेवायलाच उठायचा. भट्टी सासूच्या ताब्यात. सासू उंचीनं पावणेपाच फूट आणि तोंडानं सात. पहिल्याच हिवाळ्यात टेकलानं आग भरभर धरावी म्हणून खालचं राखेचं दार उघडं टाकलं आणि वर पीठ मळायला गेली. पिठात हात गेले आणि दार डोक्यातनं गेलं. खालून हवा भसाभसा घुसली, कोळसा तापून पांढरा झाला, धुराचा नळ भट्टीपासून वळणापर्यंत लालभडक. वरच्या तुळईचा करपट वास सुटला तेव्हा सासू धावली. तिनं पाणी ओतलं नाही. आधी राखेचं दार लावलं, मग नळावरची झडप उघडली. त्या सरशी धुराडं आगीला ओढायचं सोडून तळघरातली गार हवा ओढायला लागलं. नळ काळा पडेस्तोवर म्हातारी तिथंच कमरेवर हात ठेवून उभी. मग सुनेच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि एवढंच विचारलं, "आता इसरशील?"

टेकला विसरली नाही. सासू गेली, पेत्रोही छातीत खाणीचा चुरा भरून गेला, तोवर टेकला अशी तयार झाली होती की आख्ख्या ओळीत कुणाची भट्टी रुसली की तिला बोलावणं यायचं. ती नळाशी कान लावायची, झडपेपाशी काडी पेटवून धरायची आणि ज्योत आत किती वाकते ते बघून ओढ सांगायची. "वरनं डिवचू नगंस त्येला. लाकूड न्हाय त्ये. कोळशाला वरनं खुपसलं की त्याचं दगूड हुत्यात. खालनं हालीव, वरनं खायला घाल, आन् मदी मदी तोंड घालू नगं." लहानथोर तिला तेता म्हणत, म्हणजे मावशी.

आता ह्या लोकांची एक खोड होती. ऑक्टोबरातल्या पोकरोवाच्या सणाला पेटवलेली भट्टी, ईस्टरची टोपली चर्चमधून घरी येईपर्यंत विझू द्यायची नाही. हा नियम पाद्र्यानं सांगितलेला नाही, कुठं लिहिलेला नाही. पण उपासाच्या दिवसांत दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोही वळायला बसत, बटाट्याचं सारण भरून कडा चिमटत. त्या बैठकीत कुणाची आग विझली ह्याची बातमी पिठाच्या आधी मळली जायची. "मेलानियाकडं काल लाकडं फोडत हुते म्हनं," एक म्हणायची. "फेब्रुवारीत लाकडं? कशाला गं?" दुसरी साळसूदपणे विचारायची. आणि मेलानिया पुढची वीस पिरोही मान वर न करता चिमटायची. टेकलाची आग एकोणपन्नास वर्षांत एकदाही विझली नव्हती. ती स्वतः हे बोलून दाखवत नसे. दुसऱ्यांनी बोलावं म्हणून थोडी गप्प बसायची, एवढंच.

भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात वासिल फेदोरचाक राहायचा. बहात्तरीचा, बिनलग्नाचा, खाणीतनं निवृत्त. जाळी हलवायचा दांडा लोखंडी, जाळीही लोखंडी, त्यामुळं एकाकडची खडखड दुसऱ्याकडं स्पष्ट ऐकू यायची. टेकलाची झाली की मागोमाग वासिलची. ती जरा जास्त वेळ आणि जरा जास्त जोरात, कारण शेवटचा शब्द आपला असावा असं त्याला वाटायचं. पलीकडं खडखड झाली म्हणजे माणूस जिवंत आहे. नाही झाली तर फावड्यानं भिंतीवर तीन ठोके द्यायचे. तीस वर्षांत ठोके द्यायची वेळ दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा वासिल प्यालेला होता.

त्या हिवाळ्यात टेकलाला एक गोष्ट लपवायची होती. तिचे डोळे चालले होते. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडं नीट बघावं तिथं मधोमध धुरकट डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक नाही. बाकी कामं हातानं होत होती. भट्टीतला लाल अंगार गालाला कळायचा. पण निळी ज्योत तिला नोव्हेंबरपासून दिसली नव्हती. आणि सगळी गोम त्या निळ्यातच. नव्या कोळशातनं आधी गॅस निघतो. तो पेटला की निळी ज्योत. पेटला नाही आणि धुराड्यानंही ओढला नाही, तर तो घरात येतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं उठतं, गाल लाल होतात, मग माणूस झोपतो आणि उठत नाही.

तिनं त्यावर उपाय काढला होता. कोळसा टाकला की चाळीस वेळा 'प्रभू, दया कर' म्हणायचं, अशा दहा चाळिश्या. तेवढ्यात ज्योत यायचीच. कडाक्याच्या थंडीत धुराडं बैलासारखं ओढतं, त्यामुळं तिचा हिशेब चुकत नव्हता.

सांगितलं का नाही, तर मुलामुळं. स्टेफान न्यू जर्सीला असायचा, दोन तासांच्या वाटेवर. भला पोरगा, पण शब्दाचा पक्का. "आई, त्या भट्टीचं एकदा जरी काही बिघडलं ना, मी विचारत बसणार नाही. गाडी घेऊन येईन आणि तुला घेऊन जाईन." त्याच्याकडं भिंतीवर एक गोल बटण होतं. ते फिरवलं की घर गरम. टेकला वर्षातनं आठ दिवस तिथं राहायची. सकाळी पाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं. पलंगाच्या कडेला बसून ती उजाडायची वाट बघायची. तसं मरेपर्यंत बसायचं तिला नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हवा फिरली. बर्फाचं पाणी झालं, डोंगरावरनं धुकं खाली उतरलं आणि गल्लीत टाकलेल्या राखेचा चिखल झाला. असल्या हवेत धुराडं झोपतं. आत गरम आणि बाहेर गार असेल तरच त्याला ओढ. दोन्ही सारखंच झालं तर धूर जाणार कुठं? शहाण्या माणसानं अशा वेळी आग थोडी पण झणझणीत ठेवावी, नाही तर सरळ विझू द्यावी. टेकलानं हे शंभर जणांना सांगितलं असेल. पण झणझणीत ठेवली तर घरात उकडून निघायचं, आणि विझली तर पुन्हा लाकडं रचून पेटवायला डोळे लागणार. शिवाय पिरोहीच्या टेबलावर मेलानिया बसलेली. म्हणून तिनं तिसरंच केलं. बारीक कोळसा जाड थरानं घातला, खालची हवा बंद केली आणि आग तशीच दडपून ठेवली, चार दिवस.

तिसऱ्या दिवशी वासिल पुढच्या ओसरीवर कठड्याला रेलून उभा होता. दोन्ही ओसऱ्यांमधे एकच कठडा.

"काय रं, गाल लई लाल झाल्यात. लग्नाला निगालास व्हय?" टेकलानं विचारलं. कडेच्या नजरेला रंग दिसायचा.

"डोस्कं उठलंय सकाळधरनं. काल खाल्लेल्या कोबीच्या हालुश्की बी वर आल्या. कोबी नासका हुता."

"कोबी न्हाय, तुझी कढाई नासकी हाय. धा वर्सं झाली घासून."

"हितं भाईर उभा ऱ्हायलं की बरं वाटतंय. आत गेलं की पुन्यांदा हातोडं."

टेकला थबकली. "वासिल, नळ कवा झाडलास? वळणात राख साठली असंल बग."

"माझा नळ?" वासिल उखडला. "माझी भट्टी तुझ्यापरीस ब्येस चाललीया. खडखड ऐकू येत न्हाय व्हय रोज? का आता कान बी गेलं?"

खडखड तर येत होती. रोज दोनदा, तिच्या मागोमाग, नेहमीसारखी जोरात. 'कान बी' ह्या शब्दावर टेकला जरा दचकली होती, त्याला डोळ्यांचं कळलं की काय म्हणून. त्या नादात गालांच्या लालीचा विचार मागं पडला. तिचं स्वतःचंही डोकं तीन दिवस जड होतं. ते तिनं डोळ्यांच्या खात्यावर टाकलं होतं.

गुरुवारी ती पिरोही वळून आली. चारला खाली उतरून तिनं जाळी हलवली आणि भिंतीकडं कान दिला. पलीकडं खडखड सुरू झाली. एक, दोन, तीन हिसके. मग काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज आणि शांत.

तिनं वाट बघितली. फावडं उचलून तीन ठोके दिले. उत्तर नाही. पुन्हा तीन.

घरं उतारावर होती, त्यामुळं तळघराचं दार मागच्या परसात निघायचं. टेकला परसातनं वळसा घालून गेली आणि खांद्यानं दार ढकललं. वासिल भट्टीपुढं कुशीवर पडला होता, दांडा हातात धरूनच. ओठ पुटपुटत होते. तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि मागं मागं सरकत, शिव्या देत त्याला ओढत बाहेर काढलं. "जड बी न्हाईस रं मुडद्या, नुसती हाडं! श्वास घे! घे म्हणतीया ना!"

तिच्या ओरड्यानं ओळ जमली. योंको पेत्राश आला. पॅचाच्या आग विझवणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या, पन्नाशीचा, पण घर गॅसवर गरम करणारा. रुग्णवाहिका आली. वासिलच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला. तो शुद्धीवर आला आणि मुखवट्याच्या आतनं पहिलं काय बोलला, तर, "भट्टी पेटलेली हाय माझी. पेटलेली हाय."

"म्हणून तर ही गत झाली, दादा," योंको म्हणाला. नाकाला रुमाल लावून आत गेला, खिडक्या उघडल्या, बाहेर येऊन मान हलवली. "आग गुदमरून विझलीया. नळ चोंदला असणार. किती येळा सांगितलं ह्येला." आणि त्यानं वासिलच्या दाराला लाल कागद बांधला. ही भट्टी पुन्हा पेटवायची नाही.

गाडी गेली, माणसं पांगली. टेकला अर्ध्या तासानं परत त्या तळघरात शिरली. खिडक्यांतनं वारा येत होता. अर्धवट आग मागं ठेवून घर सोडायचं नसतं, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिनं सवयीनं भट्टीच्या अंगावर तळवा ठेवला.

गार. आत्ता विझलेली भट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत कोमट असते. ही दगडासारखी गार होती. तिनं वरचं दार उघडून आत हात घातला. जाळीवर कोळसा नाही, राख नाही. बोटांना कोळ्याचं जाळं चिकटलं. राखेची बादली कोपऱ्यात पालथी, तिच्या बुडाला ओला गंज.

टेकला खालच्या पायरीवर बसली. हा माणूस आठ-दहा दिवस रिकामी जाळी हलवत होता. रोज दोनदा. तिला ऐकू जावं म्हणून.

मग हा गॅस आला कुठनं?

तिनं भिंतीकडं बघितलं. एकच धुराडं, मधे एका विटेचा पडदा, कंपनीच्या काळातला. तो पडदा कुठं तरी ढासळला असणार. ह्या बाजूचं धुराडं गार, म्हणून झोपलेलं. त्या बाजूनं दडपलेल्या आगीचा न पेटलेला गॅस चढतो, वर जायला ओढ नाही, भगदाडातनं इकडं वळतो आणि गार नळातनं खाली उतरतो. वासिलच्या नाकात. त्याच्या भट्टीनं काहीच केलं नव्हतं. तिच्या भट्टीनं केलं होतं.

ती घरी आली. दारं-खिडक्या सताड उघडल्या. मग दांडा धरला आणि जाळी हलवत राहिली. लाल खाली पडायला लागलं तरी हात आवरला नाही. सगळी आग राखेच्या पेटीत उतरवली, पेटी परसात नेऊन ओल्या बर्फात ओतली. फस्स करून वाफ उठली. अशा चार खेपा.

फोन वाजत होता. स्टेफान. बातमी न्यू जर्सीला पोचवायला मेलानियाला तास पुरला होता.

"आई, वासिलकाकांचं कळलं. देवाची कृपा, तुझी भट्टी नव्हती. तुझी ठीक आहे ना?"

टेकला कोट घालून गार स्वयंपाकघरात उभी होती. "बरी हाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"बरी हाय म्हणलं ना."

तिनं फोन ठेवला. कुणी काही विचारणार नव्हतं. योंकोनं निकाल दिला होता. हवा निवळली की लाकडं रचून पेटवायची, आणि पुढं उबदार हवेत आग दडपायची नाही, बस्स. वासिलही बोलणार नव्हता. बोलायचं तर आग विझल्याचं कबूल करावं लागलं असतं.

सकाळी ती पावासाठी दुकानात गेली तर योंको तिथंच कॉफी पीत होता. "जगला म्हातारा," तो म्हणाला. "पण पुतण्या आलाय त्येचा. म्हणतुया, रविवारी घराला कुलूप, आन् ह्येला काउंटीच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात. ज्येला सवताची भट्टी समजत न्हाय त्येला एकटा कसा ठेवायचा? बराबर हाय की."

"काय बराबर हाय?"

"आं?"

"वासिलला भट्टी समजत न्हाय, ह्ये कोण म्हणालं? तू? तुझ्या घरात बटण हाय बटण!" टेकलानं पाव काउंटरवर तसाच ठेवला. "ऊठ. कॉफी ऱ्हाऊ दे. आन् जुनं गोणपाट घे."

तिनं त्याला वासिलच्या तळघरात उभं केलं, नळाचं तोंड भट्टीपासून सोडवायला लावलं. "ह्या भोकाकडं बगत ऱ्हा. हलू नगं." मग आपल्या तळघरात येऊन थोडी लाकडं पेटवली, वर ओलं गोणपाट टाकलं, खालची हवा बंद केली आणि परसातनं ओरडली, "काय दिसतंय?"

"काय न्हाय."

ती थांबली. बाहेर धुकं तसंच दाट. क्षणभर तिच्या मनात आलं की काहीच येऊ नये. यायचं नसेल तर ती चुकली, आणि चुकली असेल तर घर तिचं.

"तेता," आतनं योंकोचा आवाज आला, वेगळाच. मग तो खोकत बाहेर आला. त्याच्यामागं वासिलच्या दारातनं गोणपाटाचा पिवळट धूर परसात लोळत आला. "तुझा धूर हिकडं उतरतुया."

"म्हणजे गॅस माझा," टेकला म्हणाली. "त्याची भट्टी धा दिस गार हाय. हात घालून बग, कोळ्यानं घर केलंय. आन् माझी आग पेटली का न्हाय पेटली ते मला दिसत न्हाय. नव्हेंबरपासनं निळं दिसलं न्हाय मला. घे, लिव तुझ्या कागदावर."

योंकोनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तेता, तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं बी नसतं."

"वासिलला ठावं हुतं की त्याची गार हाय म्हणून."

"मग त्यो का बोलला न्हाय? मुखवट्यातनं बी पेटलीया म्हणत हुता!"

"तू न्हाय समजायचास," ती म्हणाली. "ह्या खेपेला माझ्या दाराला कागद बांध. त्याचा काढ."

स्टेफानला फोन तिनंच केला. एका दमात सगळं सांगितलं, 'बरी हाय' म्हटलेलं खोटं होतं ते सुद्धा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग, "रविवारी येतो. बॅग भरून ठेव."

रविवारी दोन गाड्या एकदमच ओळीत शिरल्या. एकीतनं स्टेफान उतरला, दुसरीतनं पुतण्यानं वासिलला उतरवलं. वासिल ओसरीची पायरी चढून कठड्याला टेकला आणि धापा टाकत टेकलाकडं बघितलं.

"आंधळी हुन निळं बघत हुतीस व्हय गं? मला मारून टाकलं असतंस!"

"आन् तू गार जाळी हालवत हुतास! खडखड करून कुणाला फसवतुयास? मला वाटलं तुझ्याकडं आग हाय, म्हणून मी गाफील. खरं बोलला असतास तर पयल्याच दिवशी मला उमगलं असतं!"

"आगं, राखंची बादली उचलवत न्हाय मला. चार पायऱ्या चढलो की छाती बंद. कुणाला सांगू? तुला? गुरुवारी पिरोहीत घातलं असतंस मला!"

घातलं असतं, हे टेकलालाही माहीत होतं.

स्टेफान दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "आई, बॅग कुठं आहे?"

"भरली न्हाय," टेकला म्हणाली. "आदी ऐक. मग वाटलं तर मी सवता भरीन. धुराड्यात दोन नळ सोडायचं, पोलादी, त्येचा त्येला आन् माझा मला. योंकोनं गवंडी बगितलाय. हवा गरम झाली की आग इझवायची, कुणी काय बी म्हणू दे. आन् त्याच्या राखंच्या बादल्या मी उचलीन. हात धड हाईत माझं."

"आणि तुझी ज्योत? ती कोण बघणार?"

"म्या बघीन की," वासिल म्हणाला.

"काका, तुम्हाला धड उभं राहता येत नाही. छाती गेलीय तुमची."

"डोळं छातीत असत्यात व्हय रं?"

पुतण्या हसला, आणि हातातलं कुलूप त्यानं परत खिशात टाकलं. स्टेफान हसला नाही. तो एकटाच तळघरात उतरला आणि बराच वेळ तिथं थांबला. लहानपणी तो ह्याच कोळशाच्या ढिगावर बसून आईचं काम बघायचा. काय बघितलं, काय विचार केला, ते त्यानं सांगितलं नाही. वर आला तेव्हा हाताला काजळी होती.

"ईस्टरपर्यंत," तो म्हणाला. "नळ बसल्याशिवाय काडी ओढायची नाही, तोवर तू मेलानियामावशींकडं झोपायचं. आणि दर शनिवारी मी फोन करीन, तो वासिलकाकांना. तुला नाही. तू खोटं बोलतेस."

टेकलाला ते लागलं. पण त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. "मेलानियाकडं?" एवढंच ती कसंनुसं म्हणाली.

"मेलानियामावशींकडं."

ती आठ रात्री मेलानियाकडं झोपली आणि मेलानियानं आठही दिवस तिला न्याहारीला विचारलं, "ऊब पुरती न्हवं, टेकला?" पिरोहीच्या टेबलावर आग विझल्याची गोष्ट टेकलानं स्वतःच सांगितली, वासिलची नव्हे, आपलीच. मग कुणीतरी म्हणालं की गेल्या वर्षी आपलीही दोन दिवस विझली होती. मग आणखी एकीची निघाली. त्या दिवशी अर्ध्या ओळीच्या विझलेल्या आगी बाहेर आल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नळ बसले आणि त्याच दिवशी थंडी परत आली, खमकी. टेकलानं काडी पेटवून झडपेपाशी धरली. ज्योत तिला दिसली नाही, पण ती आत वाकली तसा बोटाला चटका बसायचा थांबला. ओढ चांगली होती. लाकडं पेटली, त्यावर कोळसा धरला.

दुपारी चारला तिनं जाळी हलवली, कोपऱ्यात लाल अंगार उघडा ठेवून नवा कोळसा घातला. हात सवयीनं दाराकडं गेला. वासिल अजून परसातच होता. चार पावलं टाकायची, भिंतीला टेकायचं, खोकायचं, पुन्हा चार पावलं. तिच्या जागी पूर्वीची टेकला असती तर तेवढ्यात दार लावून जिनाही चढली असती. ती बाकड्यावर बसून राहिली.

"आलास का रं मेल्या?"

"यितूया. घोड्यावर बसलीस व्हय?" तो आत आला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि भट्टीच्या तोंडात बघत राहिला. श्वासाची शिटी वाजत होती.

"निळं आलं?"

"थांब."

टेकलानं दारावर ठेवलेला हात खाली घेतला.

"अजून न्हाय. थांब जरा."

ती थांबली.